शेतकरी उत्पादक कंपनीचे दुसरे चालू खाते आणि त्यावरील ओव्हरड्राफ्टचे व्यवस्थापन

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत देशभर शेतकरी उत्पादक कंपन्यांची संख्या झपाट्याने वाढली आहे. केंद्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० रोजी दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था स्थापन करण्याची योजना सुरू केली. या योजनेत प्रत्येक संस्थेला तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत व्यवस्थापन खर्च, प्रत्येक सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत व प्रत्येक संस्थेस कमाल १५ लाख रुपये समभाग अनुदान, तसेच २ कोटी रुपयांपर्यंतच्या प्रकल्प कर्जासाठी पतहमीची तरतूद आहे. परिणामी, कालपर्यंत केवळ पीककर्जाचा अनुभव असलेले शेतकरी आज संचालक या नात्याने व्यापारी कर्जाच्या कागदपत्रांवर स्वाक्षऱ्या करीत आहेत.

पीककर्ज आणि व्यापारी कर्ज यांची रीत मात्र भिन्न आहे. पीककर्जाची परतफेड हंगामाशी बांधलेली असते आणि थकबाकीचा निकषही पीक हंगामावर ठरतो. शेतमालाच्या खरेदी-विक्रीसाठी घेतलेल्या ओव्हरड्राफ्टला सर्वसाधारणपणे ९० दिवसांचा निकष लागू होतो. हा फरक ध्यानात न घेतल्यास चांगली उलाढाल असलेल्या कंपनीचे खातेही अडचणीत येऊ शकते. प्रस्तुत लेखात दुसरे चालू खाते केव्हा व कशासाठी उघडावे, त्यावरील ओव्हरड्राफ्ट कसा चालतो आणि तो आटोक्यात ठेवण्यासाठी कोणती शिस्त पाळावी, याचे विवेचन केले आहे.

दुसऱ्या खात्याची आवश्यकता

कंपनीच्या पहिल्या खात्यात साधारणतः सर्वच प्रकारचा पैसा येतो: सभासदांचे भागभांडवल, शासकीय अनुदान, बियाणे व खतांच्या विक्रीची रक्कम, शेतमाल विक्रीचे पैसे आणि क्वचित एखाद्या प्रशिक्षणाचा निधीही. उलाढाल लहान असेपर्यंत हे चालून जाते. परंतु ज्या दिवशी या खात्यावर ओव्हरड्राफ्ट मंजूर होतो, त्या दिवसापासून परिस्थिती पालटते. खाते नावे बाजूला असताना त्यात जमा होणारी प्रत्येक रक्कम, ती कोणत्याही हेतूने आलेली असो, प्रथम कर्जाची बाकी कमी करते. गोदामाच्या बांधकामासाठी आलेले अनुदान अशा खात्यात जमा झाले, तर ते त्याच क्षणी तुरीच्या खरेदीचे कर्ज फेडून मोकळे होते. पुढे ठेकेदाराचे देयक द्यावयाचे असता कंपनीला पुन्हा उचल करावी लागते, आणि अनुदानाच्या विनियोग प्रमाणपत्राच्या वेळी खातेउतारा व खर्चाचा मेळ बसत नाही. खाते थकल्यास बँक आपल्या येण्यापोटी खात्यातील शिल्लक वळती करून घेऊ शकते, हा धोका वेगळाच.

म्हणून दोन खात्यांची कामे आरंभीच वाटून द्यावीत.

पहिले खाते, म्हणजे मूळ खाते: भागभांडवल, अनुदान, कार्यालयीन खर्च, कर्मचाऱ्यांचे वेतन व वैधानिक देणी. या खात्यावर ओव्हरड्राफ्ट घेऊ नये.

दुसरे खाते, म्हणजे व्यापार खाते: शेतमालाची खरेदी, बारदाना, हमाली, तोलाई, वाहतूक आणि विक्रीची संपूर्ण वसुली. ओव्हरड्राफ्टची मर्यादा केवळ याच खात्यावर असावी.

दोन खात्यांमधील रकमेची हालचाल दोनच कारणांसाठी व्हावी: एक, कंपनीचा स्वतःचा हिस्सा मूळ खात्यातून व्यापार खात्यात आणणे, दुसरे, खरेदी-विक्रीचे एक आवर्तन पूर्ण झाल्यावर उरलेला नफा मूळ खात्यात नेणे. प्रत्येक वेळी लेखी व्हाउचर आणि संचालक मंडळाने आधी ठरवून दिलेली कमाल रक्कम असावी. ही विभागणी पाळली, तर व्यापाराचा खरा नफा-तोटा व्यापार खात्याच्या उताऱ्यावरूनच वाचता येतो.

हमीभाव खरेदीत उपअभिकर्ता म्हणून काम करणाऱ्या कंपन्यांनी आणखी एक बाब पाहावी. जेथे शेतमालाची किंमत थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होते, तेथे कंपनीला शेतमालाच्या किमतीसाठी ओव्हरड्राफ्ट लागत नाही. तो लागतो केवळ बारदाना, हमाली व वाहतूक यांसाठी, कारण त्यांचा परतावा मागाहून मिळतो. मर्यादा मागताना या दोन गरजांची सरमिसळ करू नये.

बँकेची निवड आणि नियमांची चौकट

दुसरे खाते त्याच बँकेत उघडावे की दुसऱ्या बँकेत, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. एका कर्जदाराने अनेक बँकांत चालू खाती उघडून कर्जाचा पैसा अन्यत्र वळवू नये, या हेतूने रिझर्व्ह बँकेने ६ ऑगस्ट २०२० रोजी चालू खात्यांविषयी शिस्तीचे परिपत्रक काढले. त्यानंतर २९ ऑक्टोबर २०२१ च्या सुधारणेनुसार, ज्या कर्जदाराचे संपूर्ण बँकिंग व्यवस्थेतील कर्ज ५ कोटी रुपयांहून कमी आहे, त्याच्यावरील निर्बंध शिथिल करण्यात आले. मात्र मर्यादा ओलांडली जाताच बँकेस कळवू, असे हमीपत्र कर्जदाराने द्यावयाचे असते. या नियमांत वेळोवेळी बदल होत असल्याने खाते उघडतेवेळी लागू असलेली मर्यादा शाखेकडून लेखी स्वरूपात समजून घ्यावी. बहुसंख्य उत्पादक कंपन्यांचे कर्ज या मर्यादेच्या बरेच खाली असते, त्यामुळे नियमाची आडकाठी सहसा येत नाही.

खरी अडचण येते ती मंजुरीपत्रातील अटींमुळे. कर्ज देणारी बँक बहुधा अशी अट घालते की व्यवसायाची सर्व वसुली तिच्याच खात्यातून व्हावी आणि तिच्या संमतीशिवाय अन्य बँकेत खाते उघडू नये. मूळ खाते दुसऱ्या बँकेत असल्यास मंजुरीपूर्वीच त्याचा उल्लेख अर्जात करावा आणि त्या खात्याचा उपयोग कशासाठी होतो, हे लिहून द्यावे. माल ज्या बँकेच्या कर्जातून खरेदी केला, त्याच्या विक्रीचे पैसे दुसऱ्या बँकेत जमा होणे हे बँकेच्या दृष्टीने निधी वळविणेच ठरते.

हा मुद्दा सीमावर्ती भागातील कंपन्यांना विशेष लागू पडतो. नांदेड जिल्ह्यातील हळद तेलंगणातील निजामाबादच्या बाजारात जाते. लातूर, धाराशिव व सोलापूर परिसरातील तुरीला कर्नाटकातील कलबुर्गीची बाजारपेठ जवळची आहे. परराज्यातील खरेदीदाराला सोयीचे म्हणून तेथील शाखेत खाते उघडण्याचा मोह होतो. त्याची आवश्यकता नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून आठवड्याचे सातही दिवस चोवीस तास उपलब्ध आहे. पावतीवर व बिलावर व्यापार खात्याचा क्रमांक छापावा आणि त्याच खात्यात रक्कम भरण्याचा आग्रह धरावा.

दोन खाती वेगवेगळ्या बँकांत ठेवण्याचा एक लाभ मात्र आहे. ठेव विमा व पत हमी महामंडळाचे विमा संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत आहे. एकाच बँकेत दोन खाती असली, तरी हे संरक्षण दुप्पट होत नाही. भागभांडवलाची मोठी रक्कम ठेवताना बँकेच्या आर्थिक स्थितीचा विचार करावा, तो यासाठीच. चालू खात्यावर व्याज मिळत नाही; म्हणून लगेच न लागणारी रक्कम मुदत ठेवीत ठेवणे श्रेयस्कर.

खाते उघडताना करावयाची पूर्तता

कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र, घटनापत्र व नियमावली, पॅन, संचालकांची व अधिकृत स्वाक्षरीदारांची ओळखपत्रे, नोंदणीकृत कार्यालयाचा पुरावा आणि संचालक मंडळाचा ठराव ही मुख्य कागदपत्रे होत. यांपैकी ठरावाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. बँकेने दिलेल्या छापील नमुन्यावर स्वाक्षरी करून भागत नाही. ठरावात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात: खात्याचा हेतू, कर्जाची कमाल मर्यादा, तारण, स्वाक्षरीदारांची नावे, किती रकमेपर्यंत एकाची व त्यापुढे दोघांची स्वाक्षरी, आणि नेट बँकिंगमध्ये व्यवहार नोंदविणारा व मंजूर करणारा या भिन्न व्यक्ती असतील ही अट.

कर्जासाठी कंपनीच्या मालावर, येण्यावर किंवा अन्य मालमत्तेवर बोजा चढविला जात असेल, तर त्याची नोंद कंपनी निबंधकाकडे ३० दिवसांत करणे कंपनी अधिनियम, २०१३ नुसार आवश्यक आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर बोजा उतरविल्याची नोंदही तितक्याच तत्परतेने करावी. जुना बोजा निबंधकाच्या नोंदीत तसाच राहिल्यामुळे नव्या बँकेची मंजुरी अडून राहते, ही टाळता येण्याजोगी अडचण आहे.

संचालकांनी वैयक्तिक हमी देण्यापूर्वी तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. कंपनीची जबाबदारी मर्यादित असली, तरी वैयक्तिक हमी देणाऱ्याची जबाबदारी हमीपत्रात लिहिल्याप्रमाणे असते. संचालकपद सोडल्याने ही हमी आपोआप संपत नाही. बँकेकडून लेखी मुक्तता घ्यावी लागते. पतहमी योजनेखाली तारणाशिवाय कर्ज मिळणे शक्य आहे का, याची चौकशी प्रथम करावी.

मर्यादा आणि उचल क्षमता

ग्रामीण शाखांत ओव्हरड्राफ्ट व कॅश क्रेडिट या दोहोंना सरसकट ‘सीसी’ म्हटले जाते. मुदत ठेव किंवा स्थावर मालमत्तेच्या तारणावर दिली जाते ती बहुधा ओव्हरड्राफ्ट, आणि माल व येणे यांच्या तारणावर दिली जाते ती कॅश क्रेडिट. ठेवीवरील ओव्हरड्राफ्टचा व्याजदर ठेवीच्या दरापेक्षा थोडाच अधिक असतो आणि त्यात मालाचे विवरण द्यावे लागत नाही. लहान गरजेसाठी तो सर्वांत सोपा मार्ग आहे. मालाच्या तारणावरील खात्यात मात्र मर्यादेबरोबर उचल क्षमता ही दुसरी रेषा असते, आणि व्यवहारात तीच निर्णायक ठरते.

उचल क्षमता काढताना बँक गोदामातील मालाच्या किमतीतून ज्याचे पैसे अद्याप दिलेले नाहीत तो माल वजा करते आणि उरलेल्या रकमेतून स्वतःच्या सुरक्षिततेसाठी ठरावीक टक्के दुरावा कापते. येण्यांच्या बाबतीतही ठरावीक मुदतीच्या आतील, बहुधा ९० दिवसांपर्यंतची येणी धरून त्यांतून अधिक टक्के कापले जातात. हे टक्के प्रत्येक मंजुरीपत्रात वेगळे असू शकतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन हा हिशेब पाहू. समजा, एका कंपनीस २० लाख रुपयांची मर्यादा मंजूर आहे. व्याजदर वार्षिक ११ टक्के, मालावरील दुरावा २५ टक्के आणि येण्यांवरील दुरावा ४० टक्के आहे. कंपनीने २५० क्विंटल तूर ७,२०० रुपये दराने खरेदी करून सर्व शेतकऱ्यांचे पैसे चुकते केले.

मालाची किंमत: १८,००,००० रुपये
उचल क्षमता: १८ लाखांच्या ७५ टक्के, म्हणजे १३,५०,००० रुपये
मालासाठी कंपनीचा स्वतःचा हिस्सा: ४,५०,००० रुपये
बारदाना, हमाली व वाहतूक, क्विंटलमागे २०० रुपये: ५०,००० रुपये, तेही स्वतःच्या पैशातून

मंजूर मर्यादा २० लाखांची असूनही उचलता येतात साडेतेरा लाखच. ‘मर्यादा शिल्लक आहे’ असे समजून धनादेश देणाऱ्या व्यवस्थापकाची फसगत येथेच होते.

आता ही तूर दालमिलला ७,६०० रुपये दराने, परंतु उधारीवर विकली असे समजू. येणे झाले १९,००,००० रुपये. कागदावर १ लाख रुपयांचा ढोबळ फायदा दिसतो. परंतु गोदामातला माल आता संपला आणि त्याच्या जागी येणे आले. येण्यांवरील दुरावा ४० टक्के असल्याने उचल क्षमता १९ लाखांच्या ६० टक्के, म्हणजे ११,४०,००० रुपये झाली. खात्यावर उचल आहे १३,५०,००० रुपये. म्हणजे नफ्यात विक्री करूनही खाते २,१०,००० रुपयांनी उचल क्षमतेच्या बाहेर गेले. दालमिलने ९० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर ते येणे उचल क्षमतेच्या हिशेबातूनच बाद होते आणि उचल क्षमता शून्यावर येते. उधारीच्या विक्रीचा सौदा करण्यापूर्वी हा आकडा काढून पाहणे अत्यावश्यक आहे. खरेदीदाराकडून माल उचलताना किमान तितकी आगाऊ रक्कम घेतली, की ही तूट भरून निघते.

दिवसांचा हिशेब

ओव्हरड्राफ्टवर व्याज आकारले जाते ते प्रत्येक दिवसाच्या अखेरच्या बाकीवर, आणि ते सर्वसाधारणपणे दर महिन्याला खात्यावर नावे टाकले जाते. वरील उदाहरणात १३,५०,००० रुपयांवर ११ टक्क्यांनी रोज सुमारे ४०७ रुपये व्याज होते. म्हणजे क्विंटलमागे दररोज साधारण १ रुपया ६३ पैसे. त्यावरून पुढील कोष्टक मांडता येईल.

१५ दिवसांत वसुली झाल्यास व्याज: सुमारे ६,१०० रुपये
४५ दिवसांत वसुली झाल्यास व्याज: सुमारे १८,३०० रुपये
९० दिवसांत वसुली झाल्यास व्याज: सुमारे ३६,६०० रुपये

१ लाखाच्या ढोबळ फायद्यातून ५०,००० रुपये बारदाना, हमाली व वाहतुकीचे गेले. कार्यालयीन खर्चाचा या व्यवहारावरील वाटा २५,००० रुपये धरला, तर उरतात २५,००० रुपये. रोजच्या ४०७ रुपयांनी ते ६१ दिवस पुरतात. बासष्टाव्या दिवसापासून हा व्यवहार तोट्याचा होतो, मग भाव कितीही चांगला मिळालेला असो. याउलट तोच पैसा वीस दिवसांत फिरून आला, तर त्याच भांडवलावर हंगामात आणखी दोन-तीन आवर्तने होऊ शकतात.

भाव वाढेल या आशेने माल राखून ठेवण्याच्या निर्णयालाही हाच हिशेब लावावा. ३० दिवस थांबावयाचे, तर केवळ व्याजापोटी क्विंटलमागे सुमारे ४९ रुपये भाववाढ हवी. गोदाम भाडे, तूट व किडीचे नुकसान त्याव्यतिरिक्त. दीर्घकाळ साठवण करावयाची असल्यास ती ओव्हरड्राफ्टवर करू नये. भांडारण विकास व नियमन प्राधिकरणाकडे नोंदणीकृत असलेल्या गोदामात माल ठेवून इलेक्ट्रॉनिक वखार पावतीवर तारण कर्ज घेणे अधिक सयुक्तिक ठरते, कारण त्या कर्जाची मुदत साठवणुकीशी जुळणारी असते आणि व्यापार खाते मोकळे राहते.

आणखी एक बारकावा: उचल क्षमता पूर्णपणे वापरलेली असताना महिनाअखेरीस व्याजाचे सुमारे १२,२०० रुपये नावे पडले, तर त्या व्याजामुळेच खाते मर्यादेबाहेर जाते. हिशेब सोपा राहावा म्हणून येथे पूर्ण उचल धरली आहे. प्रत्यक्षात उचल क्षमतेचा किमान दहावा हिस्सा व्याज, शुल्क व आकस्मिक देण्यांसाठी मोकळा ठेवावा.

खाते अनियमित केव्हा ठरते

रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार खात्यावरील बाकी मंजूर मर्यादेपेक्षा किंवा उचल क्षमतेपेक्षा सलग ९० दिवस अधिक राहिली, तर खाते नियमबाह्य ठरून अनुत्पादक वर्गात जाते. बाकी मर्यादेच्या आत असूनही सलग ९० दिवस खात्यात काहीही जमा झाले नाही, किंवा मागील ९० दिवसांत आकारलेले व्याज भागेल एवढीही रक्कम जमा झाली नाही, तरी परिणाम तोच. हंगामी व्यवसाय करणाऱ्या कंपनीला दुसरा निकष अधिक घातक आहे. एप्रिलमध्ये तुरीचा व्यवहार आटोपून काही बाकी ठेवून खाते ऑक्टोबरपर्यंत तसेच सोडले, तर जुलै-ऑगस्टमध्येच ते थकीत होऊ शकते. बिगरहंगामातही दरमहा किमान त्या महिन्याचे व्याज तरी खात्यात भरले जाईल, अशी तजवीज करावी.

३० दिवसांहून अधिक काळ खाते मर्यादेबाहेर राहिल्यास बँक ते विशेष निगराणीखाली घेते. हा इशारा समजून संचालक मंडळाने त्याच आठवड्यात बैठक घ्यावी.

कागदोपत्री दिरंगाईनेही खाते बिघडते. तीन महिन्यांहून जुन्या मालविवरणावर आधारलेली उचल अनियमित समजली जाते. मर्यादेचे नूतनीकरण देय तारखेपासून १८० दिवसांत झाले नाही, तरी खाते अनुत्पादक ठरू शकते. मालविवरण दरमहा ठरलेल्या तारखेला द्यावे, आणि लेखापरीक्षित ताळेबंद नूतनीकरणाच्या किमान दोन महिने आधी तयार ठेवावा.

अनुत्पादकतेचा परिणाम एका खात्यापुरता राहत नाही. वर्गीकरण कर्जदारनिहाय होते, खातेनिहाय नव्हे. त्या बँकेत कंपनीचे गोदामासाठी किंवा दालमिलसाठी मुदत कर्ज असेल आणि त्याचे सर्व हप्ते वेळेवर भरलेले असतील, तरी व्यापार खाते थकताच तेही अनुत्पादक धरले जाते. खात्यातून उचल थांबते, दिलेले धनादेश परत जातात, पतमाहिती कंपन्यांकडे नोंद होते. पुढील हंगामात माल घालणाऱ्या सभासदाला पैसे मिळत नाहीत आणि तो पुन्हा आडत्याकडे वळतो. शेकडो भागधारकांनी वर्षानुवर्षे जोपासलेला विश्वास अशा रीतीने तीन महिन्यांत गमावला जाऊ शकतो.

धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी कारवाईचीही तरतूद आहे. दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. उचल क्षमता तपासल्याखेरीज पुढील तारखेचे धनादेश देऊ नयेत.

अटींचा भंग झाल्यास बँक आकारते त्या रकमेविषयीही माहिती असावी. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या निर्देशांनुसार दंडव्याजाऐवजी दंडात्मक शुल्क आकारावयाचे असून ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना हा नियम लागू आहे. खातेउताऱ्यात अशी आकारणी दिसल्यास तिचे कारण व दर शाखेकडून लेखी मागावे.

ओव्हरड्राफ्टची गरज कमी करणारे उपाय

उत्पादक कंपनीला अन्य व्यापाऱ्याकडे नसलेले एक साधन कायद्यानेच दिलेले आहे. कंपनी अधिनियमातील उत्पादक कंपन्यांविषयीच्या प्रकरण २१-क नुसार सभासदाने दिलेल्या मालाची किंमत आरंभी संचालक मंडळ ठरवील तितकीच देता येते आणि रोखून ठेवलेली किंमत मागाहून रोख, वस्तुरूपाने किंवा समभागांच्या रूपाने देता येते. वरील उदाहरणात आरंभी ८५ टक्के किंमत दिली, तर २,७०,००० रुपये विक्रीनंतर द्यावयाचे राहतात. ते वजा जाता उचल क्षमता व उचल ११,४७,५०० रुपयांवर येते आणि रोजचे व्याज सुमारे ३४६ रुपये होते. मात्र गावातला व्यापारी रोखीने पूर्ण पैसे देत असता सभासदाने थांबावे, यासाठी उरलेली रक्कम कोणत्या तारखेला मिळेल हे पावतीवर लिहिलेले असले पाहिजे आणि ती तारीख कसोशीने पाळली गेली पाहिजे.

याखेरीज खरेदीपूर्वीच खरेदीदाराशी लेखी करार करणे, विक्रीच्या वेळी काही टक्के आगाऊ रक्कम घेणे, एकाच खरेदीदाराकडे सर्व येणे अडकू न देणे आणि विक्रीच्या दिवशीच बिल पाठविणे हे उपाय साधे, पण परिणामकारक आहेत. खतविक्रीची उधारी तुरीच्या ओव्हरड्राफ्टमधून भागवू नये. तिची मुदत खरीप काढणीपर्यंत लांबते आणि व्यापाराचा पैसा तेथेच अडकतो.

साप्ताहिक नोंदवही

या सर्व शिस्तीसाठी संगणक प्रणालीची अट नाही. साध्या वहीत सात रकाने आखून दर सोमवारी पुढील नोंद करावी.

१. तारीख
२. आजची उचल क्षमता
३. आजची नावे बाकी
४. दोहोंतील फरक, म्हणजे प्रत्यक्षात वापरता येणारी रक्कम
५. येत्या सात दिवसांत निश्चित येणारी रक्कम
६. येत्या सात दिवसांत द्यावयाची रक्कम व दिलेले परंतु न वटलेले धनादेश
७. आठवड्याअखेरची अपेक्षित स्थिती

सातव्या रकान्यात तूट दिसली, तर त्या आठवड्यातील खरेदी तितकी कमी करावी. खरेदी थांबविण्याचा अधिकार कोणाचा, हे हंगामापूर्वीच ठरवावे. काट्यावर गाड्या उभ्या असताना हा निर्णय घेणे कठीण जाते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खातेउतारा व रोकडवही यांचे जुळवणी पत्रक तयार करून ते संचालक मंडळाच्या बैठकीत मांडावे. वर्षातून किमान एकदा, हंगाम संपल्यावर, व्यापार खाते पूर्णपणे फेडून काही दिवस जमेच्या बाजूला आणावे. ते शक्य होत नसेल, तर कंपनीचे कायमचे भांडवल अपुरे आहे आणि ओव्हरड्राफ्ट त्याची उणीव भरून काढीत आहे, असा निष्कर्ष निघतो. अशा वेळी वाढीव मर्यादेऐवजी भागभांडवल वाढविण्याचा विचार व्हावा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

कृषी विज्ञान केंद्र, आत्मा किंवा अन्य संस्थांच्या विस्तार कार्यकर्त्याने लेखापाल होण्याची अपेक्षा नाही. कंपनीच्या भेटीत पुढील पाच प्रश्न विचारले, तरी बहुतेक दोष वेळीच लक्षात येतात.

पहिला: अनुदानाचा पैसा कोणत्या खात्यात आहे आणि त्या खात्यावर कर्ज आहे काय?
दुसरा: आजची मर्यादा किती आणि आजची उचल क्षमता किती? दोन्ही आकडे वेगवेगळे सांगता येतात काय?
तिसरा: शेवटचे मालविवरण कोणत्या तारखेचे आहे?
चौथा: सर्वांत जुने येणे किती दिवसांचे आणि कोणाकडे आहे?
पाचवा: मर्यादेच्या नूतनीकरणाची तारीख कोणती?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ६० दिवसांहून अधिक आले, तर त्या कंपनीला पुन्हा लवकर भेट द्यावी.

समारोप

दुसरे चालू खाते उघडण्याने कंपनीचा पैसा वाढत नाही. कोणता पैसा कोणाचा आणि तो किती दिवस बाहेर आहे, हे त्यामुळे स्पष्ट दिसते. ओव्हरड्राफ्ट हा खरेदी व वसुली यांमधील अंतर ओलांडण्यासाठीचा पूल आहे. त्याची लांबी दिवसांत मोजावी, त्यावर अनुदान किंवा भागभांडवलाचा भार टाकू नये आणि प्रत्येक हंगामाअखेर तो मोकळा करावा. येत्या हंगामाची खरेदी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कंपनीने आपले मंजुरीपत्र पुन्हा वाचून दुराव्याचे टक्के, मालविवरणाची तारीख व नूतनीकरणाची तारीख या तीन नोंदी कार्यालयाच्या फलकावर लावाव्यात.